मदत हवी आहे: धर्मग्रामाच्या शाळेत प्रमुख धर्मगुरू आणि मुख्याध्यापक यांनी कामाची वाटणी कशी करावी?

नमस्कार. मी वसई धर्मप्रांतातल्या (बिशपांच्या अखत्यारीतल्या भागातल्या) एका धर्मग्रामाच्या, म्हणजे पॅरिशच्या, अनुदानित मराठी शाळेत मुख्याध्यापिका आहे. शाळेचं नाव मुद्दाम देत नाही.

चर्च आणि शाळा एकाच आवारात, आणि प्रमुख धर्मगुरू हेच शाळेचे मॅनेजर. शाळा धर्मगुरूंनी काढली, गावाने उभी केली, आमच्या आईवडिलांची पिढी तिथेच लिहायला-वाचायला शिकली. त्यामुळे शाळेत फादरांचा शब्द शेवटचा असावा, याला माझी अजिबात हरकत नाही. अडचण होते ती तो शब्द परस्पर दिला जातो तेव्हा.

एक उदाहरण देते. मध्यंतरी रविवारच्या मिस्सेनंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) एका पालकांनी चर्चच्या पोर्चमध्ये फादरांना गाठलं. सातवीच्या वर्गशिक्षिका आमच्या मुलाला कायम मागच्या बाकावर बसवतात, ही तक्रार. फादर स्वभावाने कनवाळू. म्हणाले, "काळजी करू नका, बाईंचा वर्ग बदलतो." सोमवारी पालक माझ्यासमोर हजर, वर्ग कधी बदलणार? मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मुलगा वर्गात सगळ्यांत उंच आहे, तो पुढे बसला की मागच्यांना फळा दिसत नाही, एवढंच कारण होतं. पण तोवर बाईंना ही गोष्ट शिपायांकडून कळली होती आणि त्या शिक्षकखोलीत डोळे पुसत बसल्या होत्या.

असं रजेच्या बाबतीत होतं, सभागृह लग्नाला देण्याच्या बाबतीत होतं, प्रवेशाच्या बाबतीतही होतं. शिक्षक माझ्याकडे न येता थेट धर्मगुरूनिवासाची पायरी चढतात. पगाराचं वेतन पथक, संचमान्यता (शिक्षकांच्या पदांची सरकारी मंजुरी), शिक्षणाधिकारी, या सगळ्यांची उत्तरं मात्र मला द्यावी लागतात.

दुसरी बाजूही तितक्याच मनापासून लिहिते. फादर परिपाठाला येतात, मधल्या सुट्टीत मुलांमध्ये उभे राहतात, तेव्हा शाळेचा नूरच बदलतो. एक मुलगी शाळेत यायची बंद झाली होती. आम्ही निरोप पाठवून थकलो. फादर तिच्या घरी जाऊन बसले, आजीशी बोलले, आणि मुलगी परत आली. कुटुंब ख्रिस्ती नव्हतं, तरी फादर आले म्हणून आजीने ऐकलं. हे काम मला जमलं नसतं. म्हणूनच त्यांना शाळेपासून लांब ठेवायचं माझ्या मनात नाही. ते हवेतच.

तर जाणकारांनी सांगावं: मॅनेजर म्हणून फादरांचा अधिकार नेमका कुठवर जातो? तुमच्या धर्मग्रामात तक्रारी आणि नेमणुका कशा हाताळतात? आणि फादरांचा मान राखून हा विषय काढायचा कसा?

प्रतिसाद १ (धर्मग्राम परिषदेचा माजी सचिव)

ताई, आधी शाळेची संस्था कोणत्या नावाने नोंदलेली आहे ते पाहा. धर्मप्रांताचा वेगळा ट्रस्ट असेल तर मॅनेजरचे अधिकार त्या ट्रस्टकडून येतात, आणि त्याचे लेखी नियम बहुधा असतात.

चर्चच्या बाजूने म्हणाल तर १९८३ च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे चर्चच्या कायद्यात, कलम ५२८ नुसार मुलांच्या आणि तरुणांच्या कॅथलिक शिक्षणाची विशेष काळजी घेणं हे प्रमुख धर्मगुरूंचं कर्तव्यच आहे. कलम ५३२ प्रमाणे कायदेशीर व्यवहारात धर्मग्रामाचं प्रतिनिधित्व तेच करतात. पैशांसाठी कलम ५३७ ची अर्थसमिती प्रत्येक धर्मग्रामात असावीच लागते. सभागृहाच्या भाड्याचा प्रश्न तिथे मांडा, तुमच्या दोघांमध्ये तो राहायलाच नको. यात कुठेही फादरांनी वेळापत्रक लावावं असं म्हटलेलं नाही.

प्रतिसाद २ (निवृत्त मुख्याध्यापक)

सरकारी बाजू मी सांगतो. संविधानाच्या कलम ३० (१) मुळे अल्पसंख्याकांची शाळा चालवण्याचा हक्क त्यांच्या व्यवस्थापनाचा. महाराष्ट्राच्या १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्यात, कलम ३ (२) मध्ये, अल्पसंख्याक शाळेला मुख्याध्यापकाच्या नेमणुकीपुरती मोकळीक आहे, शिवाय कळवलेल्या आणखी जास्तीत जास्त तीन जणांपुरती. बाकी शिक्षकांना कायद्याचं संरक्षण आहे. पोर्चमध्ये "या बाईंना काढतो" असं कुणी बोललं तरी तसं काढता येत नाही. त्याला १९८१ च्या नियमांप्रमाणे चौकशी समिती लागते, आणि अन्याय झाला तर शिक्षक न्यायाधिकरणात जातो. फादरांना हे शांतपणे सांगा. बहुतेकांना ते माहीत नसतं, कारण सेमिनरीतून (धर्मगुरूंच्या प्रशिक्षणातून) थेट शाळेच्या खुर्चीवर यावं लागतं. तो त्यांचा दोष नव्हे.

धर्मशिक्षणाचंही लक्षात असू द्या. संविधानाच्या कलम २८ (३) नुसार अनुदानित शाळेत ते सक्तीचं करता येत नाही, आणि मूल अज्ञान असेल तर पालकांची संमती लागते. आम्ही कॅथलिक मुलांचा धर्मशिक्षणाचा तास आणि इतरांचा मूल्यशिक्षणाचा तास एकाच वेळी ठेवायचो.

तक्रारीपुरता आमचा रिवाज असा होता: पालक भेटले की फादर ऐकून घ्यायचे, धीर द्यायचे, आणि "मोठ्या सरांना भेटा, मी त्यांच्याशी बोलतो" एवढंच म्हणायचे. निर्णय शाळेतून जायचा. आठवड्यातून एकदा आम्ही दोघं बसायचो, चहा व्हायचा, ठरलेलं वहीत लिहायचो आणि दोघांच्या सह्या व्हायच्या. फादरांची बदली झाली की नव्या फादरांपुढे तीच वही ठेवायची.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. वहीची कल्पना फादरांना आवडेल, कारण मिटिंगांचा त्यांना कंटाळा आहे, माणसांचा नाही. ट्रस्टचे नियम धर्मप्रांताच्या कार्यालयातून मागवते. सर, एक विचारायचं राहिलं: ही वही शाळेच्या दप्तरात ठेवायचात की धर्मग्रामाच्या? आणि तक्रार खुद्द मुख्याध्यापकाविरुद्ध असेल तर ती कुणी ऐकायची, हे तुमच्याकडे ठरलेलं होतं का?