कुत्रीच्या नाकावर कोरडा थर जमलाय, चाटलं तरी चालेल असं काय लावू?

मदत हवी आहे. आमची लॅब्रडॉर, वय ९ वर्षं. दोन महिन्यांपासून नाकाच्या वरच्या कडेला राखाडी, खरखरीत थर जमतोय, बोट फिरवलं की झाडाच्या सालीसारखा लागतो. परवा बारीक भेग पडून टिपूसभर रक्तही आलं. डॉक्टरांना दाखवलंय; वयामुळे होणारा हायपरकेराटोसिस (त्वचेचा वरचा थर जाड, कडक होणं) म्हणाले. नाकाचा रंग उडालेला नाही, पू नाही, पंजे ठीक, खाणं नेहमीसारखं.

खोबरेल तेल पंधरा दिवस लावलं. थर मऊ पडतो, पण बाईसाहेब मिनिटभरात सगळं चाटून मोकळ्या. आधी कोमट पाण्याची ओली पट्टी पाच मिनिटं धरून मग जेवणाच्या तोंडावर तेल लावलं, तेव्हा जरा टिकलं. टी ट्री तेल कुत्र्यांना विषारी, झिंक ऑक्साइडचं मलमही पोटात जायला नको, म्हणून ती दोन्ही बाद. कोरफडीच्या पिवळ्या चिकामुळे तीही नको.

आता मधमाशीचं मेण आणि कॅलेंड्युला (झेंडूसारखं दिसणारं एक फूल) मुरवलेलं तेल एकत्र करून घट्ट मलम करायचा विचार आहे. कुणी वापरलंय का? नाकावर टिकेल पण कडक होणार नाही, असं मेण-तेलाचं प्रमाण किती? आणि भेग उघडी असताना लावलं तर चालेल, की आधी ती भरू द्यावी?