बेस गिटारच्या अँपला नक्की किती वॅट? मी म्हणतो २०० पुरे

खर्जातला:
ओळखीतल्या एका पोरानं ८०० वॅटचं हेड (स्पीकर सोडून नुसता अँप) घेतल्यापासून जो तो मला विचारतोय, "तुझं २०० वर कसं भागतं रे?" मस्त भागतं. वॅट चौपट झाले म्हणून आवाज चौपट होत नाही. वॅट दुप्पट केले की ३ डेसिबल वाढतात, बस्स. २०० चे ८०० केले तर ६. कानाला "दुप्पट" वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. त्या हिशेबानं मी २००० वॅटचं हेड घ्यायला हवं!

शिवाय हल्ली पुण्या-मुंबईत पब असो की गॅदरिंग, बेस डीआयमधून (सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी) सरळ मिक्सरला जातो. लोकांना ऐकू येतो तो पीएच्या (प्रेक्षकांसाठी लावलेल्या मोठ्या साउंडच्या) सबमधून, म्हणजे खर्जाच्या स्पीकरमधून. अँप उरतो माझ्यासाठी आणि ड्रमरसाठी. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसिस्ट जेम्स जेमर्सन क्लबात अँपेग बी-१५ या अँपवर वाजवायचा, जेमतेम २५-३० वॅट. स्टुडिओत तर त्याचा बेस थेट मिक्सिंग डेस्कमध्ये जायचा. पटत नसेल तर बोला.

जत्रेचा_बेसिस्ट:
अजिबात पटत नाही. जत्रेची सुपारी वाजवलीये का कधी? उघडं मैदान, ना भिंत ना छत, शेजारी ऑक्टोपॅड आणि ढोलकी. पीए असतो, पण तो गाणाऱ्यांचा. मिक्सरवरचा गडी बेसची लाइन घेतो, सब जरा गुरगुरला की फेडर खाली ओढतो आणि चहाला जातो. मग मी माझ्या अँपच्या जिवावर.

१९६९ साली अँपेगनं एसव्हीटी हा बेस अँप काढला, ३०० वॅट, सोबत आठ-आठ स्पीकरच्या कॅबिनेट. रोलिंग स्टोन्सनी तो त्याच वर्षी अमेरिकेच्या दौऱ्यावर नेला. हौस म्हणून नव्हे. तेव्हाच्या पीएवर मुख्यतः गाणं असायचं, बेसवाल्यानं आपलं आपण बघायचं. सांगली-सोलापूरकडे अजून १९६९ च चालू आहे असं समजा.

आणि सरासरीवर जाऊ नका. मी सरासरी ४० वॅटवर वाजवत असताना अंगठ्याचा एक स्लॅप १० डेसिबल वर गेला, की त्या क्षणाला ४०० वॅट लागतात. तुमच्या २०० वाल्या हेडचा तिथे फाटका आवाज येणार. हेडरूम म्हणतात त्याला.

पाचवी_तार:
स्लॅपसाठी कॉम्प्रेसर (अचानक उसळलेला आवाज दाबणारा) असतो की, दादा. पण तुमचा मुद्दा मान्य, २०० कमीच पडतात, कारण मात्र वेगळं. ई ची तार ४१ हर्ट्झ, माझी पाचवी, बी ची ३१. आपला कान या टापूत मुळातच मठ्ठ. त्यावर बहुतेक जण इक्यूवर (टोन कंट्रोलवर) बास नॉब पिळतात. ६ डेसिबल बूस्ट म्हणजे तेवढ्या पट्ट्यात चौपट वॅट! तुमचं २०० वालं हेड तिथे ५० चं असल्यासारखं दमतं.

गंमत म्हणजे साध्या दोन-दहा इंची कॅबमधून (दहा इंची दोन स्पीकरांच्या खोक्यातून) ३१ हर्ट्झ धड बाहेर येतच नाही. आपण ऐकतो ते ६२ आणि ९३ चे वरचे स्वर, मूळ स्वर मेंदू भरून काढतो. म्हणून मी उलट करते, ३५ च्या खालचं हाय-पास फिल्टरनं कापते. स्पीकरचा कोन (पुढचा पडदा) उगाच लटपटत नाही आणि अँप मोकळा राहतो.

डेसिबल_मास्तर:
तिघंही हेडवर भांडताय, कॅबकडे कोणी बघतच नाहीये. मी साउंड करतो म्हणून सांगतो. कॅबच्या माहितीपत्रकात "१ वॅट, १ मीटर" असा आकडा असतो, म्हणजे १ वॅट दिला तर १ मीटरवर किती डेसिबल. एकाचा ९७ आणि दुसऱ्याचा १०० असेल, तर दुसरं कॅब फुकटात वॅट दुप्पट केल्यासारखं वाजतं. छोटं खोकं, खोल खर्ज आणि मोठा आवाज, यातल्या दोनच गोष्टी एकदम मिळतात. तिसरी मागितली की वॅट ओतावे लागतात.

आणि ते ८०० वॅट कुठे मिळतात ते वाचलंय का? ४ ओहमवर. (ओहम म्हणजे कॅबचा विजेला होणारा विरोध, तो कमी तर अँप जास्त वॅट देतो.) पोरानं ८ ओहमचं एकच कॅब लावलं असेल तर त्याला निम्मे-अर्धेच मिळत असणार. तसलंच दुसरं कॅब जोडलं की पूर्ण वॅट आणि दुप्पट कोन, दोन्ही मिळून ६ डेसिबलपर्यंत फरक. पैसे तिथे घाला. (टेपरेकॉर्डरवर "१००० वॅट पीएमपीओ" लिहिलेल्या जमान्यापासून आपल्याकडे आकड्याला भुलायची सवय आहे.)

मागच्या_रांगेतला:
एवढं सगळं करा आणि रात्री दहाला पोलीस येऊन बंद करतील. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद, वॅट कितीही असोत. 😀

जत्रेचा_बेसिस्ट:
@डेसिबल_मास्तर, कॅबचं ठीक. पण जास्त वॅट असले तर बिघडतं काय? एसव्हीटीचं नुसतं हेड ४० किलोच्या घरात, ते ओढायला माणूस लागायचा. आता क्लास डी चं (नव्या हलक्या प्रकारचं) ८०० वालं हेड तीन किलोचं, बेसच्या बॅगेत मावतं.

खर्जातला:
बिघडतं ते कॅब. मागे "४०० वॅट" लिहिलेलं असतं ती कॉइल किती तापू शकते याची मर्यादा. ४० हर्ट्झला कोन त्याच्या कितीतरी आधी हद्दीबाहेर जातो, मग खाडखाड आवाज आणि स्पीकर गेला. २०० वाल्याला ती भीती कमी. मैदानात पीए धड नसेल तर जास्त घ्या, माझी हरकत नाही. पण पबमध्ये ८०० आणून गायकाच्या मॉनिटरवर चढणारे बघितलेत, त्यांचं काय?

पाचवी_तार:
त्यांना अँप खुर्चीवर ठेवायला सांगा. जमिनीवर पायाशी ठेवला की स्वतःला ऐकू येत नाही, म्हणून नॉब फिरवत बसतात. कानाच्या उंचीवर आला की आपणच कमी करतात.

जत्रेचा_बेसिस्ट:
ते पबवाल्यांचं पबवाल्यांनी बघावं. मी ५०० च्या खाली येणार नाही. फक्त आता दुसरं कॅब बघतो. माझं आत्ताचं ८ ओहमचं आहे. मिरजेत एक जुनं दोन-दहा विकायला आहे म्हणे, घेऊ का?

डेसिबल_मास्तर:
आधी मागची प्लेट बघा. ८ ओहमचं असेल तर घ्या, दोन मिळून ४ होतील. ते ४ चं निघालं तर दोन मिळून २.६७ होतात, आणि तुमच्या हेडवर "किमान ४ ओहम" लिहिलं असेल तर ऐन कार्यक्रमात ते स्वतःला वाचवायला प्रोटेक्टला जाऊन गप्प बसेल. आणि विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका, मल्टिमीटर लावा. ८ चं कॅब साधारण ६ च्या आसपास दाखवतं, ४ चं ३ च्या.