नवीन बिझनेस पार्कसमोर शिल्प बसवताय? मग शिल्पकाराला शेवटी बोलावू नका

खराडीकर
आमच्या कंपनीने खराडीतल्या एका नवीन कॉम्प्लेक्समध्ये दोन मजले घेतलेत, दोन टॉवर, खाली तीन मजली बेसमेंट पार्किंग आणि मधे मोठा मोकळा चौक. परवा भाडेकरूंच्या मीटिंगला गेलो तर बिल्डरचा माणूस म्हणाला दर्शनी भागात "काहीतरी आयकॉनिक" बसवायचंय, ताबा द्यायला पाच महिने उरलेत, तीन कोटेशन मागवलीत, ज्याचा दर कमी त्याला काम. डिझाइन कुणाचं विचारलं तर म्हणे ते काय, कोटेशन देणाराच आणेल.

मला शिल्प हवंय, मनापासून हवंय. पण हे असं नको. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात १९५९ पासून नियम आहे, पुनर्विकासाच्या जागेवर बांधकाम करायचं तर खर्चाचा १ टक्का कलेवर घालायचा. त्यातूनच १९७६ मध्ये सेंटर स्क्वेअर नावाच्या ऑफिस बिल्डिंगसमोर शिल्पकार क्लेस ओल्डेनबर्गचा ४५ फुटी स्टीलचा चिमटा उभा राहिला, हो, आपण दोरीवर कपडे वाळत घालताना लावतो तोच चिमटा, समोर जुनं दगडी सिटी हॉल, बाजूला भुयारी रेल्वेचा जिना. जवळ जाऊन बघितलं तर चिमट्याची दोन पाती एकमेकांना बिलगलेल्या दोन माणसांसारखी दिसतात आणि मधली स्प्रिंग ७६ आकड्यासारखी, अमेरिकेच्या स्वातंत्र्याला १७७६ पासून २०० वर्षं झाली म्हणून. बिल्डरने पैसे घातलेलं काम आहे, तरी शहराने आपलं मानलं. आपल्याकडे हे का होऊ नये?

हिशोबनीस
होऊ नये कारण तो खर्च शेवटी आमच्या मेंटेनन्समध्ये येतो. मी अशाच एका कॉम्प्लेक्समध्ये अकाउंट्स बघते, तिथे कारंजं अधिक शिल्प असा प्रकार होता, पंप दुसऱ्या वर्षी बंद पडला, शिल्पावर पाण्याचे पांढरे डाग, आणि भोवती साखळी लावून "हात लावू नये" ची पाटी. दुपारी डबा खायला मुली पार्किंगच्या रॅम्पवर सावली शोधत बसायच्या. मे महिन्यात पुण्यात उघड्या चौकात दहा मिनिटं उभं राहून बघा आणि मग मला सांगा तिथे माणसाला आधी काय लागतं.

आणि परदेशाचंच उदाहरण द्यायचं तर न्यूयॉर्कचं द्या की. शिल्पकार रिचर्ड सेराची ‘टिल्टेड आर्क’, फेडरल प्लाझात, म्हणजे सरकारी कचेऱ्यांसमोरच्या चौकात, १९८१ मध्ये उभी केलेली १२० फूट लांब आणि १२ फूट उंच स्टीलची भिंत. तिथे काम करणाऱ्यांना रोज वळसा घालून जावं लागायचं, चौक अडला म्हणून तक्रारी झाल्या आणि १९८९ मध्ये सरकारने ती कापून उचलली. जी माणसं रोज तिथून चालणार त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

खराडीकर
विचारलं, पण उशिरा, आणि माझा मुद्दा तोच आहे. १९८५ च्या जाहीर सुनावणीत १२२ जण शिल्प ठेवा म्हणाले आणि ५८ जण काढा म्हणाले, तरीही काढायचंच ठरलं. म्हणजे आधी न विचारता बसवलं आणि नंतर विचारूनही ऐकलं नाही.

हिशोबनीस
त्या १२२ मध्ये कलाक्षेत्रातले लोक किती होते तेही बघा. रोज तिथे काम करणाऱ्याचं मत आणि एकदा येऊन बोलून जाणाऱ्याचं मत मी तरी एका वजनाचं धरणार नाही.

ओतशाळा
मी ब्राँझ कास्टिंगमध्ये बावीस वर्षं आहे म्हणून लिहितो. पाच महिन्यांत काय होतं सांगू का, फायबर होतं. फायबरवर ब्राँझ रंग मारतात, उन्हात दोन-तीन वर्षांत रंग उडतो, जोडावर चीर पडते. खरं ब्राँझ म्हणजे आधी छोटं मॉडेल, ते पास झालं की पूर्ण मापाचं मातीकाम, त्यावरून साचा, मेण, मग तुकड्या-तुकड्यांनी ओतकाम, आतला स्टीलचा सांगाडा, जोड, घासकाम, शेवटी पॅटिना, म्हणजे रसायनांनी धातूवर आणलेला रंग. पंधरा फुटी कामाला आमच्याकडे वर्ष धरा. मातीकामावरच शिल्पकाराचे तीन-चार महिने जातात आणि तेच जायला हवेत, कारण चेहरा असो की नुसता आकार, जे काही आहे ते मातीत आहे, धातूत फक्त उतरतं.

घाई केली की काय होतं ते मालवणला सगळ्यांनी बघितलं. राजकोट किल्ल्यावरच्या महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण ४ डिसेंबर २०२३ ला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. चौकशीत गंज, कमकुवत सांगाडा आणि चुकीचं वेल्डिंग निघालं. बातमी ऐकली त्या रात्री आमच्या शेडमध्ये कुणी जेवलं नाही.

आता तुमच्या चौकाचं. खाली बेसमेंट आहे म्हणजे तो चौक जमीन नाही, स्लॅब आहे. गर्दीच्या जागेचा स्लॅब चौरस मीटरला साधारण ५०० किलो धरून करतात. एक घनमीटर ग्रॅनाइटचा चौथरा अडीच टनांच्या वर जातो, वरचं शिल्प वेगळंच. कॉलमच्या डोक्यावर बसवलं तर ठीक, नाहीतर नाही. आणि अँकर बोल्टसाठी स्लॅबला भोकं पाडली की वॉटरप्रूफिंग फाटतं आणि पहिल्या पावसात खालच्या गाड्यांवर पाणी. हे सगळं नकाशा काढताना सुटतं, ताब्याच्या वेळी नाही. म्हणूनच बहुतेक शिल्पं शेवटी लॉनच्या कोपऱ्यात ढकललेली दिसतात.

हिशोबनीस
हे पटलं. पण मग सरळ असंच म्हणा ना की या कॉम्प्लेक्सला आता उशीर झालाय, ते पैसे झाडांना आणि बाकांना द्या.

जुनी_पेठ
बाक आणि शिल्प असा झगडा लावायचंच कारण नाही. टीआयएफआरमध्ये होमी भाभांनी संस्थेच्या बजेटमधला १ टक्का कलेसाठी काढला, मुंबईतली प्रयोगशाळा ती, तिथे चित्रांशिवाय कुणाचं अडणार नव्हतं, तरी काढला. मी लहानपणी वडिलांबरोबर अलिबागजवळ सासवण्याला शिल्पकार करमरकरांच्या घरी गेलो होतो, अंगणात ती सिमेंटची म्हैस बसलेली, माझी बहीण सरळ तिच्या पाठीला टेकून बसली आणि कुणी उठ म्हटलं नाही. पाठीवर हात फिरवला तर उन्हाने गरम लागत होती, अगदी खऱ्या म्हशीसारखी. सिमेंटच होतं, महाग धातू नव्हता. त्यामुळे पैसा कमी म्हणून शिल्प नाही हे मला पटत नाही, शिल्पकार चांगला हवा.

आणि करार नीट करा. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं भलंमोठं ब्राँझ म्युरल, म्हणजे भिंतीवरचं शिल्प, १९७९ मध्ये काढून गोदामात टाकलं, तुकडे झाले, आणि दिल्ली हायकोर्टाने २००५ मध्ये उरलेले तुकडे त्यांना परत द्यायला आणि ५ लाख भरपाई द्यायला सांगितलं. पैसे मोजले म्हणून मालकाला वाटेल ते करता येत नाही. शिल्प हलवायचं झालं तर कुणाला विचारायचं, दरवर्षी साफसफाई कोण करणार, हे आधीच कागदावर हवं.

खराडीकर
आज साइटवर जाऊन आर्किटेक्टकडचा बेसमेंटचा नकाशा बघितला. ईशान्य कोपऱ्यात, गेटच्या आत, जुना कडुनिंब वाचवायचा म्हणून बेसमेंट तिथे आत घेतलंय, म्हणजे तेवढ्या पट्ट्यात खाली खरी जमीन आहे. दुपारी सगळे मजूर तिथेच बसलेले होते. शनिवारच्या मीटिंगला मी मांडतोय की तिन्ही कोटेशन रद्द करा, ताबा शिल्पाशिवाय द्या, कडुनिंबाखाली आत्ता नुसते दगडी कट्टे करा, आणि शिल्पकाराला वर्ष-दीड वर्ष देऊन तिथलंच काम सांगा, टेकून बसता येईल असं. लोक कुठे बसतात ते त्यालाही आधी बघू दे.

हिशोबनीस
कट्ट्यांना माझं मत नक्की. शिल्पाला अजून नाही, आधी दरवर्षीच्या देखभालीचा आकडा दाखवा. आणि पायासाठी खणायला कडुनिंबाच्या मुळांजवळ जाणार असाल तर मी विरोधात बोलणार, फांद्यांचा घेर जिथे संपतो त्याच्या बाहेर राहा.

ओतशाळा
घेराच्या बाहेरच घ्या, बरोबर आहे त्यांचं. शनिवारी जाण्याआधी त्या पट्ट्याचं माप टाका, रुंदी किती मिळते ते कळलं की पाया किती लागेल ते मी सांगतो.