नावाजलेली बारोलो महाग घेतली आणि निराशाच पदरी पडली. यात दोष कोणाचा?

अवधूत (धागाकर्ता):
इटलीतील पिएमोंते प्रांतात नेब्बिओलो या एकाच जातीच्या द्राक्षांपासून बारोलो ही रेड वाइन करतात आणि तिची गणना त्या देशातील सर्वश्रेष्ठ वाइन्समध्ये होते. तिच्या एका नामांकित उत्पादकाची, 2019 च्या हंगामाची, समीक्षकांनी भरभरून गुण दिलेली बाटली आम्ही स्टुटगार्टमध्ये सुमारे 90 युरोंना घेतली. रंग फिकट, विटकरी छटेचा होता, वास गुलाबाचा आणि किंचित डांबराचा होता, आणि पहिल्याच घोटात हिरडा चावल्यासारखी जीभ आवळली गेली. फळाची गोडी शोधूनही सापडली नाही.

असे सांगितले की जाणकार लगेच म्हणतात, "तुम्हाला ती कळली नाही." हे उत्तर मला अन्यायाचे वाटते. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात किंमत लपवून केलेल्या 6,000 हून अधिक चाचण्यांची छाननी झाली होती, आणि त्यात वाइनचे शिक्षण न घेतलेल्या लोकांना महाग वाइन स्वस्त वाइनपेक्षा किंचित कमीच आवडल्याचे दिसले. म्हणजे असा अनुभव माझ्या एकट्याचा नाही. इतके पैसे घेऊन विकलेली वाइन विक्रीच्या दिवशी पिण्याजोगी असली पाहिजे, एवढीच माझी अपेक्षा आहे.

मृणाल:
त्याच अभ्यासात वाइनचे शिक्षण घेतलेल्यांच्या बाबतीत मात्र किंमत आणि पसंती यांचे नाते उलट, म्हणजे किंमत वाढेल तशी पसंती वाढण्याच्या बाजूने झुकलेले दिसले होते, हेही सांगायला हवे. आता बारोलोविषयी. कायद्याने ती किमान 38 महिने मुरवावी लागते आणि त्यांपैकी 18 महिने लाकडी पिंपात ठेवावी लागते. परंतु ही मुदत बाजारात आणण्याची आहे, पिण्याची नव्हे. नेब्बिओलोच्या सालीतून रंग थोडाच उतरतो, टॅनिन हे तुरट द्रव्य मात्र भरपूर उतरते, त्यामुळे फिकट रंग हा या वाइनचा दोष नाही. टॅनिन लाळेतील प्रथिनांना बांधून ठेवते म्हणून तोंड कोरडे पडते. वर्षे जातात तसे हे टॅनिन आपसांत आणि रंगद्रव्यांशी जोडले जाते आणि तुरटपणा निवतो. 2019 चा हंगाम तर भक्कम बांधणीच्या वाइन्सचा मानला जातो. चांगल्या बारोलोला सुगीपासून दहा वर्षे देणे मुळीच अवाजवी नाही, आणि ती न देता तिला नापास करणे मला पटत नाही.

सदानंद:
दहा वर्षे ठेवायची तर कोठे? बारा-चौदा अंश तापमानाचे तळघर किती भाडेकरूंच्या घरी असते? शिवाय वाइनचा स्वभावच असा आहे, हे म्हणणेही अपुरे आहे. 1980 च्या दशकात बारोलोच्या काही तरुण उत्पादकांनी रसात साली ठेवण्याचा काळ बराच कमी केला आणि जुन्या मोठ्या पिंपांऐवजी फ्रेंच ओकची लहान पिंपे आणली, ती वाइन लवकर पिता यावी म्हणूनच. परंपरावाद्यांचा विरोध इतका कडवा होता की बार्तोलो मास्कारेल्लो या जुन्या पद्धतीच्या बारोलो उत्पादकाने "ना बारीक, ना बेर्लुस्कोनी" असे लेबल हाताने रंगवले. बारीक म्हणजे ती लहान पिंपे, आणि बेर्लुस्कोनी म्हणजे इटलीचे त्या काळचे राजकीय नेते. आज बहुतेकांनी दोन्ही पद्धतींतले थोडेथोडे घेतले आहे. म्हणजे वाइन किती वर्षांनी खुलेल यात उत्पादकाच्या निर्णयाचाही वाटा असतो, आणि तो निर्णय ग्राहकाला बाटलीवर वाचता आला पाहिजे. अवधूत यांची तक्रार मला रास्त वाटते.

वैदेही:
सोबत काय खाल्ले होते? मिरचीच्या तिखटाने तुरटपणा आणि कडवटपणा दोन्ही अधिक जाणवतात. तिकडे या वाइनबरोबर मंद आचेवर शिजवलेले गोमांस किंवा लोण्यातला ताजारिन पास्ता घेतात. आणि ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला असेल, तर बुचातून आलेल्या टीसीए या संयुगाने बाटली बिघडलेली असू शकते. अशी बाटली दुकानदाराने बदलून द्यायला हवी.

अवधूत:
तसा वास अजिबात नव्हता. जेवणात मटणाचा रस्सा होता, पण पहिला पेला जेवणाआधीच घेतला होता. उरलेली वाइन दुसऱ्या संध्याकाळी थोडी मोकळी झाली, गुलाबाचा वास स्पष्ट झाला, तुरटपणा तसाच राहिला. मृणालताई, रसायनाबद्दल तुम्ही सांगता ते मला मान्य आहे. पण समीक्षक गुण देतात ते ही वाइन पुढे कशी होईल याचा अंदाज बांधून, आणि दुकानदार ते गुण बाटलीच्या गळ्यात अडकवून आजची किंमत वसूल करतो. त्या चिठ्ठीवर "2029 नंतर उघडावी" एवढे छापायला काय हरकत आहे?

मृणाल:
चिठ्ठीबाबत मी तुमच्याशी पूर्ण सहमत आहे. अनेक समीक्षक गुणांसोबत पिण्याचा काळ लिहितात आणि दुकानदार नेमका तोच गाळतात. मात्र विक्रीच्या दिवशीच गोड लागावी म्हणून टॅनिन कमी करा, या मागणीला माझा विरोध कायम आहे, कारण वीस वर्षांनी बारोलोमध्ये जी खोली येते तिचा आधार तेच टॅनिन असते. आजच प्यायची असेल, तर त्याच परिसरातली लांगे नेब्बिओलो घ्यावी. द्राक्ष तेच असते, बरेचदा उत्पादकही तोच असतो, आणि किंमत साधारण तिसरा हिस्सा पडते.