विहिरीच्या खोदकामातले दगड: खडक, खनिज की जीवाश्म? लेबलवर काय लिहावं?

विज्ञानशिक्षक_सिन्नर
शाळेच्या प्रयोगशाळेत दगडांचं कपाट लावायचं आहे. सगळे नमुने तालुक्यातल्या नव्या विहिरींच्या खोदकामातून आलेत. चार ठिकाणी अडलंय. पहिला, काळपट दगडात पांढरे बदामासारखे ठिपके आणि ठिपक्यांभोवती हिरवी कड. दुसरा, मोकळ्या पोकळीतून निघालेले पांढरे-पारदर्शक स्फटिक. काही सुयांसारखे, काही जवळपास घनाकृती. तिसरा, दगडाच्या चिरेवर नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी. चौथा, अंड्यासारखा गोल दगड, ज्याचे पापुद्रे निघतात. मुलं शेवटच्या दोघांना जीवाश्म म्हणतात. लेबल चुकू नये एवढीच इच्छा आहे.

काळापाषाण
सर, पहिला नमुना म्हणजे खडक आणि त्यातली खनिजं, दोन्ही. खनिजाचं रासायनिक संघटन आणि अणूंची मांडणी ठरलेली असते. खडक बहुतेक वेळा अनेक खनिजांचा बनतो. तुमचा काळा भाग बेसाल्ट. त्यात प्लॅजिओक्लेज, पायरॉक्सीन आणि लोहाची ऑक्साइडं असतात, पण कण इतके बारीक की डोळ्यांना वेगळे दिसत नाहीत. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहिल्या. रिकाम्या असतील तर सच्छिद्र बेसाल्ट. पुढे खडकातून फिरणाऱ्या गरम पाण्याने त्या भरल्या की कुहरी बेसाल्ट. विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो बहुधा हाच. लेबलवर 'कुहरी बेसाल्ट, दख्खन लाव्हा, सुमारे 6.6 कोटी वर्षे' लिहा.

हिरव्या कडेला तांबं समजू नका. पोकळीच्या भिंतीवर आधी बसलेला तो सेलॅडोनाइटचा थर आहे. लोह-मॅग्नेशियम असलेलं, अभ्रकाच्या कुळातलं मऊ, मातकट खनिज. तांब्याचं मॅलाकाइट सौम्य आम्लात फसफसतं, हे फसफसत नाही.

सूक्ष्मदर्शी
दुसऱ्या नमुन्यावर सगळ्यात जास्त चुका होतात, कारण पांढरं दिसलं की लोक 'गारगोटी' म्हणून मोकळे होतात. रंग सोडून द्या. कठिनता, पाटन (ठरलेल्या दिशांनी सपाट फुटणं) आणि आम्ल या तिन्हींवर ठरवा.

कठिनता मोहच्या 1 (सगळ्यात मऊ) ते 10 (सगळ्यात कठीण) या मापावर: नख 2.5, तांब्याची तार 3 च्या आसपास, काच आणि चाकूचं पातं साधारण 5.5. गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ, 7. ती काचेवर सहज ओरखडा काढते, चाकू तिला लागत नाही. तिला पाटन नाही, शिंपल्याच्या आतल्या वळ्यांसारखी फुटते. कॅल्साइट 3, आणि तीन दिशांनी तिरकस चौकोनात फुटतं. तुमचे घनाकृती स्फटिक त्या दोन्हींत बसत नसतील तर अपोफिलाइट असण्याची शक्यता मोठी: कठिनता 4.5 ते 5, बाजूच्या पृष्ठांवर उभ्या बारीक रेघा, आणि माथ्याच्या सपाट पृष्ठावर मोत्यासारखी चमक. त्याच दिशेने त्याचे चपटे तुकडे निघतात. नाशिक, पुणे, जळगाव परिसरात झिओलाइटांसोबत (स्फटिकात पाणी धरून ठेवणाऱ्या, ॲल्युमिनियम असलेल्या खनिजांचा गट) ते नेहमी सापडतं, म्हणून बरेच जण त्यालाही झिओलाइट म्हणतात. पण अपोफिलाइटात ॲल्युमिनियम नसतं, म्हणून झिओलाइट गटात ते धरत नाहीत.

सुया बहुधा स्कोलेसाइट किंवा मेसोलाइट. या दोघांना घरच्या चाचणीने वेगळं करता येत नाही, म्हणून 'तंतुमय झिओलाइट' एवढंच लिहा. गव्हाच्या पेंढीसारखे मध्ये आवळलेले, मोतिया चमकीचे गुच्छ असतील तर स्टिल्बाइट.

ओरखड्याच्या चाचणीत दोन फसगती. सुयांच्या गुच्छावर चाकू घासला तर सुया मोडतात आणि खनिज मऊ वाटतं. आणि कठीण खनिजावर चाकूचंच पोलाद घासून करडी रेघ उमटते. बोटाने पुसून बघा, पुसली गेली तर तो ओरखडा नव्हे.

आम्लासाठी सुमारे 10 टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल, एकच थेंब, तोही वेगळ्या तुकड्यावर, चष्मा आणि हातमोजे घालून. बाजारातलं तीव्र आम्ल असेल तर एक भाग आम्ल दोन ते तीन भाग पाण्यात, पाण्यात आम्ल या क्रमानेच. मुलांना द्यायचं असेल तर व्हिनेगर द्या. कॅल्साइटची पूड करून टाकली की हळू बुडबुडे येतात. ताज्या फुटलेल्या भागावरच बघा, कारण विहिरीतल्या दगडांवर चुनकंकराचा (पाण्यातून साचलेल्या चुन्याचा) लेप असतो आणि तोच फसफसतो. नमुना 'स्वच्छ करायला' आम्लात बुडवू नका: कॅल्साइट जाईल, सोबत अपोफिलाइट आणि झिओलाइटची चमकही जाईल.

गाळखडक
तिसरा आणि चौथा नमुना जीवाश्म नाहीत.

नक्षी म्हणजे डेंड्राइट. मँगनीजची ऑक्साइडं चिरेतून झिरपणाऱ्या पाण्यातून फांद्यांसारखी पसरतात. दहापट भिंगाखाली पाहा: मधली शीर नाही, पानाची कड नाही, जाडी नाही. खऱ्या पानाच्या ठशात शिरांची ठरलेली मांडणी दिसते.

गोल दगड म्हणजे बेसाल्टची कांद्यासारखी झीज. भेगांतून पाणी शिरून ठोकळ्याचे कोपरे आधी कुजतात, पापुद्रे सुटतात, आत गोटा उरतो. डायनासोरच्या अंड्याचं कवच एकच, काही मिलिमीटर जाड आणि कॅल्साइटचं असतं, त्यामुळे आम्लात फसफसतं. तुमच्या दगडाचे पापुद्रे एकावर एक, आणि आतल्यासारखेच बेसाल्टचे.

वितळलेल्या लाव्ह्यात अंडं टिकणार नाही. जीवाश्म शोधायचे ते दोन लाव्हा थरांमधल्या गाळात, किंवा लाव्ह्याखालच्या लामेटा नावाच्या गाळाच्या थरांत. मुंबईत वरळीच्या अशाच मधल्या गाळात बेडकांचे सांगाडे मिळाले, छिंदवाडा जिल्ह्यात मोहगाव कलान इथे चर्टमध्ये, म्हणजे गारगोटीसारख्या कठीण, बारीक कणांच्या दगडात, वनस्पती, आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला लामेटा थरांत डायनासोरांची अश्मीभूत विष्ठा. विहिरीत दोन काळ्या थरांमध्ये करडा, पांढरट पट्टा लागला तर त्याचा तुकडा आधी जपून ठेवा. लाल मातीचा पट्टा असेल तर ती बहुधा दोन लाव्ह्यांमध्ये कुजलेली, भाजलेली माती. सहसा जीवाश्म नसतात.

विज्ञानशिक्षक_सिन्नर
मनापासून आभार. एक राहिलं: पांढरट काड्यांचा एक नमुना आणला तेव्हा चकचकीत होता, आता डब्यात पीठ होतंय. ओल लागली का?

सूक्ष्मदर्शी
उलट, ओल गेली. हे लॉमोंटाइट. कोरड्या हवेत त्याच्या स्फटिकातलं पाणी निघून जातं, ते खडूसारखं होतं आणि विस्कटतं. उरलेले तुकडे हवाबंद बरणीत ओल्या कापसासह ठेवा. उन्हात किंवा दिव्याखाली नको. पिठाचीही एक छोटी बाटली शेजारी ठेवा, मुलांना फरक दिसेल.

आणि लेबलवर नावाआधी गाव, विहिरीतली खोली फुटांत, आणि केलेल्या चाचण्या लिहा. दगडावर पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन त्यावर क्रमांक, वर पारदर्शक नेलपॉलिश. नाव पुढे बदलता येतं. खोली नंतर कुणाला आठवत नाही.