शाळेची बाग सुट्टीत जगवायची कशी? आणि ओढ्याकाठी परत परत साचणाऱ्या कचऱ्याचं काय करायचं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मी शाळेत विज्ञान शिकवते आणि पर्यावरण गटाचं काम बघते. सातवी ते नववीची मुलं-मुली आहेत, सगळी आपणहून आलेली. मैदानाच्या कडेला भाज्यांचे आणि फुलझाडांचे वाफे केलेत, आणि दर महिन्याला जवळच्या ओढ्याचा काठ साफ करायला जातो.

बागेची अडचण सुट्टीची आहे. वर्षभर मुलं जीव लावून वाढवतात आणि मोठी सुट्टी संपवून येतात तेव्हा वाफे वाळलेले असतात. पाणी घालायच्या पाळ्या लावून पाहिल्या, पण सुट्टीत मुलं गावाला जातात आणि शाळेचा नळही बंद असतो, त्यामुळे ठिबकचा उपयोग नाही. मुलांना स्वतःच्या हातांनी करता येईल असं काही हवं आहे.

ओढ्याचा प्रश्न मला जास्त छळतो. एका महिन्यात पोती भरभरून कचरा काढावा आणि पुढच्या महिन्यात तिथेच तेवढाच पडलेला असावा. आठवीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, परत पडणारच असेल तर आपण उचलायचा कशाला?" तिला 'आपण आपलं काम करत राहायचं' असं सांगून गप्प करणं मला पटत नाही. तिचा प्रश्न बरोबर आहे आणि त्याला कामातूनच उत्तर मिळायला हवं.

अजून एक. हजेरीवर गुण आणि वर्षअखेरीस प्रमाणपत्र द्यावं, म्हणजे संख्या वाढेल, अशी सूचना आली आहे. माझं मन तयार होत नाही, पण विरोध करायला ठोस कारण सापडत नाही. कुणाचा अनुभव किंवा वाचन असेल तर सांगा.

प्रतिसाद

बागेपुरतं लिहितो. लागवड सुट्टीच्या तारखेपासून उलटी मोजत ठरवा. लहान लाल मुळा पेरल्यापासून साधारण २५ ते ३० दिवसांत काढायला येतो, पालेभाज्याही लवकर येतात. शेवटची काढणी सुट्टीआधी होईल असं वेळापत्रक मुलांनाच कागदावर मांडू द्या. रिकाम्या वाफ्यात द्विदल पीक पेरून ठेवलंत तर त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात. सुट्टीनंतर ते पीक वाळलेलं दिसलं तरी हरकत नाही, तसंच मातीत मिसळायचं. ते खतच आहे.

जी झाडं जगवायचीच आहेत ती कुंडीतून जमिनीत हलवा. कुंडीतली माती फार लवकर सुकते. बुंध्याभोवती वाळलेल्या पानांचं ५ ते ८ सेंटिमीटर जाड आच्छादन द्या, मात्र पानं खोडाला टेकू देऊ नका, खोड कुजतं. शाळेच्या आवारात पाला जाळत असतील तर तो आधी थांबवा, तुमचं आच्छादन तिथेच आहे.

आणि मडकी पुरा. झिलई नसलेलं मातीचं मडकं गळ्यापर्यंत जमिनीत पुरायचं, पाण्याने भरायचं आणि वर झाकण ठेवायचं. माती सुकेल तसं पाणी मडक्यातून पाझरतं, माती ओली असेल तर पाझर आपोआप मंदावतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी शेतीलेखनात या पद्धतीचं वर्णन आहे. एक मडकं तुमच्या मातीत किती दिवस पुरतं हे मुलांना सुट्टीच्या बरंच आधी मोजायला लावा. मग सुट्टीत रोज कुणी यायची गरज उरत नाही, मोजून आलेल्या अंतराने कुणीतरी घरून पाणी आणून मडकी भरली की झालं.

प्रतिसाद

बाई, त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. तिच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते असं आहे: उचलायचा, पण मोजून उचलायचा.

१९८६ मध्ये अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावर सुमारे २,८०० स्वयंसेवकांनी कचरा गोळा केला आणि गोळा करताना प्रत्येक वस्तूची नोंद ठेवली. आज जगभर चालणारी आंतरराष्ट्रीय किनारा सफाई मोहीम त्यातूनच उभी राहिली. नोंदीने काय होतं ते युरोपात दिसलं. किनाऱ्यांवर सर्वांत जास्त सापडणाऱ्या एकदा वापरून फेकायच्या दहा प्लास्टिक वस्तू मोजणीतून पुढे आल्या, त्या समोर ठेवून युरोपीय संघाने २०१९ मध्ये निर्देश काढला, आणि जुलै २०२१ पासून तिथे प्लास्टिकच्या स्ट्रॉ, ताटल्या, कान साफ करायच्या काड्या बाजारात आणायला बंदी आली. २०२४ पासून पेयांच्या बाटल्यांची झाकणं बाटलीलाच जोडलेली असावी लागतात, कारण सुटी झाकणं किनाऱ्यावर फार सापडत होती. वाकून एकेक झाकण मोजणाऱ्या माणसांचा यात वाटा आहे. हे मुलांना जरूर सांगा.

तुमच्याकडे करायचं ते असं. काठाचा एक ठरावीक पट्टा आखून घ्या (युरोपातल्या किनारा-सर्वेक्षणात तो १०० मीटरचा असतो) आणि दर महिन्याला तोच मोजा. जागा बदलली की आकडे ताडून पाहता येत नाहीत. वेष्टनं, बाटल्या, झाकणं, पिशव्या, सिगारेटची थोटकं, काच, असे थोडेच गट ठेवा. थोटकं कापसाची वाटतात, पण त्यांची गाळणी सेल्युलोज अ‍ॅसिटेट या प्लास्टिकची असते आणि त्यातलं निकोटीन पाण्यात उतरतं, म्हणून ती वेगळी मोजा. सोबत नकाशावर खुणा करा. एका महिन्याच्या नोंदीवरून फार काही कळत नाही, पण काही महिन्यांनी दिसतं की बराचसा कचरा दोन-तीन ठिकाणांहूनच येतोय: झाकण नसलेली कचरापेटी, गटाराचं तोंड, बसायचा कट्टा. मग मुलांनी आकडे आणि नकाशा घेऊन स्थानिक प्रशासनाकडे पेटीला झाकण मागायचं, गटाराला जाळी मागायची. अमुक ठिकाणी अमुक इतकी वेष्टनं सापडली, असं लिहिलेलं पत्र बाजूला सारणं अवघड जातं.

सुरक्षेत तडजोड नको. जाड हातमोजे, बंद बूट, उचलायला चिमटे. सुया, ब्लेड, औषधाच्या बाटल्या मुलांनी हातात घ्यायच्याच नाहीत, मोठ्यांना हाक मारायची आणि मोठ्यांनी त्या चिमट्याने कडक डब्यात टाकायच्या. मोठ्या पावसानंतर लगेच ओढ्यावर जाऊ नका, तेव्हा सांडपाणीही वाहून आलेलं असतं.

प्रतिसाद

गुणांबद्दल एक संदर्भ देते. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये बालवाडीतल्या मुलांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांना रंगीत पेनांनी चित्रं काढायला मुळातच आवडत होतं. काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. काहींना ते न सांगता शेवटी दिलं. काहींना दिलंच नाही. पुढे मोकळ्या वेळात पहिल्या गटातली मुलं त्या पेनांकडे इतरांपेक्षा कमी वळली. अचानक बक्षीस मिळालेल्यांचा ओढा मात्र कमी झाला नाही.

तुमची मुलं आपणहून आलेली आहेत, म्हणून हा प्रयोग तुमच्या गटाला नेमका लागू पडतो. शेवटी कौतुक जरूर करा, आधी कबूल करू नका.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रयोगाचा संदर्भ मुख्याध्यापकांना दाखवते. मोजणीचं ऐकून ती मुलगी तक्ता आखायला बसलीसुद्धा.

दोन शंका. मडक्यात डास होतील का? आणि आमचा एक वाफा जुन्या इमारतीच्या भिंतीलगत आहे, तिचा रंग पोपडे होऊन पडतो. तिथे भाजी लावलेली चालेल का?

प्रतिसाद

झाकण घट्ट बसत असेल तर डास होत नाहीत. फट राहत असेल तर मडक्याच्या तोंडाला आधी बारीक जाळी किंवा कापड बांधा.

भिंतीलगत भाजी नको. जुन्या रंगांत शिसं असायचं, पोपडे पडून ते मातीत जातं आणि तिथेच राहतं. मुलांच्या वाढत्या मेंदूला शिसं घातक आहे. माती तपासून घेईपर्यंत तिथली माती मुलांना उकरू देऊ नका, आच्छादनाने झाकून ठेवा. भाजीचा वाफा भिंतीपासून लांब, बाहेरून स्वच्छ माती आणून उंच बांधा. रुंदी मीटरभराच्या आतच ठेवा, म्हणजे लहान मुलांचा हातही दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत पोचतो आणि वाफ्यात पाय द्यावा लागत नाही.