शेत-जंगलासाठी हातानं घडवलेली सुरी आणि चामड्याचं म्यान : सल्ला हवा

बांधावरचा
नमस्कार मंडळी. आमचं शेत सिंदेवाहीकडे, बांधाला लागूनच जंगल. बांबू सोलणं, कुंपणाच्या काट्या तासणं, जागलीला सरपण फोडणं अशी रोजची कामं. बाजारातून आणलेली सुरी परवा सरपणात ठोकताना मुठीपाशी मोडली आणि पातं पायाच्या बोटांशेजारी येऊन पडलं. पाहतो तर मुठीच्या आत पात्याचं शेपूट जेमतेम दीड इंच! आता लोहाराकडून एकच, पण जन्मभर पुरेल अशी करून घ्यायची आहे. पोलाद कोणतं, मूठ कशाची आणि म्यान कोणत्या चामड्याचं घ्यावं? दोन-अडीच हजारांपर्यंत तयारी आहे.

ऐरणघण
दादा, थोडक्यात वाचलात. पहिली अट हीच घाला की पट्टी टोकापासून मुठीच्या बुडापर्यंत अखंड हवी. मूठ म्हणजे त्या पट्टीच्या दोन बाजूंना लाकडाच्या फाका, आरपार पितळी खिळे मारून बसवलेल्या.

पोलाद म्हणजे आपला गाडीचा पाटा, ट्रक-जीपच्या चाकांवरच्या स्प्रिंगची पट्टी. आपल्याकडच्या लोहारांचा त्यावर हात बसलेला असतो, कोयते-कुऱ्हाडी त्याचेच होतात. फक्त भंगारातला तुटका पाटा घेऊ नका. वर्षानुवर्षं लवून त्यात न दिसणाऱ्या चिरा पडलेल्या असतात. पाटे बसवणाऱ्याकडे नव्या पाट्याचे तुकडे उरतात, ते मागा. पाठीची जाडी ४ ते ५ मिलीमीटर ठेवा.

खरी गोष्ट पाणी देण्याची, म्हणजे तापलेलं पातं एकदम बुडवून कडक करण्याची. माझ्या पहिल्या सुरीला आमच्या लोहारानं कोयत्याच्या सवयीनं थंड पाण्यात बुडवलं. बारीकसा ‘टिक’ आवाज आला. घासून पाहिलं तर धारेपासून वर केसाएवढी चीर. आठ दिवसांची मेहनत तिथंच गेली. पाट्याच्या पोलादाला तेल द्यावं, तेही कोमट. आम्ही गोडं तेल वापरतो. भट्टीत पातं किती तापलं हे चुंबकानं कळतं. साधारण ७७० अंशांवर पोलाद चुंबकाला धरत नाही, त्याच्या थोडं वर नेऊन तेलात सोडायचं. तेल भडकतं, म्हणून झाकण हाताशी ठेवा. नंतर धारेवर कानस फिरवा. ती न चावता घसरली तर पाणी बसलं.

पण इथं थांबलात तर पातं काचेसारखं फुटेल. ते पुन्हा २०० अंशांच्या आसपास दोन तास शेकावं लागतं. घरी केक भाजायची भट्टी असेल तर त्यात ठेवा. घासलेल्या पात्यावर वाळल्या गवताचा पिवळा रंग चढला की समजा झालं. लोहाराला घाई असते आणि हीच पायरी सुटते. त्या दिवशी स्वतः भात्याशी बसा, ही कळकळीची विनंती.

वऱ्हाडी पाटील
राजेहो, पात्याचं माप आधी ठरवा. ९ इंचाहून लांब किंवा २ इंचाहून रुंद पातं शस्त्र कायद्यात येते. शेतीच्या अवजाराले सूट हाय, पण म्यानातली टोकदार सुरी पाहून अवजार कोण म्हणन? ५-६ इंच भलं पुरते. अन् अभयारण्यात लेखी परवानगीबिगर कोणतंच हत्यार नेता येत नाही, हे १९७२ च्या वन्यजीव कायद्यात हाय. ताडोबा तुमच्या बाजूलेच हाय, म्हणून सांगतो.

रापीआरी
मी चामड्याचं काम करतो. चामडं बाभळीच्या सालीत कमावलेलं घ्या, साडेतीन-चार मिलीमीटर जाड. मऊ, रंगीत चामडं क्रोमच्या क्षारांत कमावलेलं असतं. ते सुरीचा आकार धरत नाही आणि त्यातल्या क्षारांनी ओलाव्यात पातं गंजतं. सालीचं चामडं कोमट पाण्यात भिजवून, पात्याला प्लास्टिक गुंडाळून, त्यावर बोटांनी दाबत बसवलं की वाळल्यावर सुरी आत घट्ट बसते.

शिवताना दोन पदरांच्या मध्ये धारेच्या बाजूनं चामड्याची एक पट्टी घालायला सांगा. ती नसेल तर धार सरळ टाक्यांवर येते. एका गुराख्याचं म्यान माझ्याकडे दुरुस्तीला आलं होतं. खालचे टाके एकेक करून कापले गेले होते आणि टोक बाहेर, मांडीच्या बाजूला. दोरा मेणवलेला, दोन सुयांनी शिवलेला हवा. असं शिवलं की एक टाका तुटला तरी बाकीचे उसवत नाहीत.

वरून मेण आणि जवसाचं तेल गरम करून चोळा. तेलाचा बोळा मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, जवसाच्या तेलानं तो आपोआप पेट घेतो. पावसाळ्यात घरी आलात की सुरी म्यानातून काढून, पुसून, वेगळी ठेवा. चामडं ओल धरतं.

ऐरणघण
मुठीचं राहिलं. धावडा किंवा शिसम घ्या, पण पूर्ण सुकलेला. श्रावणात बसवलेली ओली मूठ आपल्या मे महिन्यात आक्रसते आणि खिळे खडखडतात.

बांधावरचा
सगळ्यांचे मनापासून आभार. आमच्या कुऱ्हाडीचा जुना धावड्याचा दांडा घरात पडून आहे, चार-पाच उन्हाळे खाल्लेला. त्याच्याच फाका काढतो. पातं साडेपाच इंच. पुठ्ठ्याचा नमुना कापलाय. माझ्या हातात मूठ नीट बसते, पण सुरी बाबाही वापरणार आणि त्यांची बोटं आता पूर्ण मिटत नाहीत. मूठ थोडी जाड करून पुन्हा त्यांच्या हातात देऊन बघतो, मगच लोहाराकडे जातो.